कपाटातलं मशीन



आजी-आजोबांसाठी हौसेनं कानाचं मशीन आणतात, पंधरा दिवसांत ते डबीत जातं आणि डबी कपाटात. मग ते बाहेर निघतं घरात लग्न असलं की. माझ्या मते इथंच सगळं बिनसतं. बँड, शंभर माणसांचा कलकलाट, ताटांचा खणखणाट. नव्या मशीनला याहून वाईट जागा नाही. आजोबा वैतागून ते काढतात आणि म्हणतात, "काही उपयोग नाही याचा." त्यांचं चुकतं असंही नाही.

वयाबरोबर कान जातो तो बहुधा बारीक, उंच आवाजांपासून. स्वर ऐकू येतात, पण त, प, स, फ ही व्यंजनं निसटतात. म्हणून ताट म्हटलं की पाट, हा घोटाळा. "ऐकू येतं, पण कळत नाही," असं म्हातारी माणसं म्हणतात, ते अक्षरशः खरं असतं. ओरडून स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजनं जिथल्या तिथं राहतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हे आपल्यावर खेकसतायत.

मशीन ते बारीक आवाज परत आणतं. पण कित्येक वर्षं ते मेंदूपर्यंत पोचलेलेच नसतात. पहिल्या दिवसांत पंखा, नळ, वर्तमानपत्राची सळसळ सगळं अंगावर येतं. स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. यातलं काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं, हे मेंदू पुन्हा शिकतो. त्याला काही आठवडे लागतात, आणि मशीन कानात असेल तरच.

तेव्हा सुरुवात घरातून करा. सकाळचा चहा, समोर एकच माणूस, टीव्ही बंद. दोन-चार दिवसांनी स्वयंपाकघर, मग दारापुढचा ओटा, मग भाजी मंडई. लग्न सगळ्यात शेवटी. मशीन चष्म्याच्या घराशेजारी ठेवा. चष्मा लावला की तेही कानात जाईल.

अडचणी पुष्कळदा क्षुल्लक असतात. थरथरत्या बोटांना तो चिमुकला सेल बसवता येत नाही. हे सांगायची मात्र आजींना लाज वाटते. नातवानं सेल बदलून द्यावा, किंवा घेतानाच चार्जिंगचं मशीन घ्यावं. सेलवरचा चिकट कागद आधीच काढून ठेवू नका. हवा लागली की सेल वापरला नाही तरी उतरायला लागतो. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवा. आंघोळीला जाताना मशीन काढा. कोकणात पावसाळाभर ते ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीतच झोपू द्या. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. 'बंद पडलं' म्हणून दुरुस्तीला आणलेल्या मशीनच्या तोंडाशी कित्येकदा नुसता कानातला मळ बसलेला असतो.

मशीनची शिट्टी वाजत असेल, तर त्याचा कानात बसणारा साचा नीट बसलेला नसेल किंवा कानात मळ साठला असेल. कान दुखत असेल तर साचा घासून देता येतो. आवाज टोचत असेल तर ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, तो कमी-जास्त करून देतात. एकदा लावून दिलं की काम संपलं, असं हे यंत्र नाही. पहिल्या महिन्यात परत जायचंच, तक्रार नसली तरी.

आता घरच्यांना थोडं. पाठमोरे उभे राहून, वाहत्या नळावरून बोलू नका. आधी "आई" अशी हाक मारा, त्यांनी पाहिलं की सावकाश बोला. आणि "मशीन लावलंय ना, मग ऐकू कसं येत नाही?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्यानं जितकी मशीनं कपाटात गेली असतील, तितकी बिघाडानं गेली नसतील.

पैशांची अडचण असेल, तर २०१७पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तीत गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्रंही मिळतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून ऐकण्याच्या अडचणींवर काम करते आहे.

कपाटात एखादं मशीन पडून असेल, तर आज ते बाहेर काढा, नवा सेल घाला, आणि ते घेऊन आजोबांना सोबत तपासणीला न्या.