सीमेवरील दीपाक्षरे

पांढरकवड्याकडून येणारा प्रवासी पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरला, की पाट्यांवरील लिपी बदलते. माणसांची बोली मात्र इतक्या लवकर बदलत नाही. बेला, जैनथ या भागांत मराठी घराघरांत बोलली जाते, आणि जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतून निघून मराठी मुलखात आले. रेषा आखली गेली. परंतु सोयरीक आणि बाजार यांनी ती कधी फारशी मानली नाही.

अशा ठिकाणी सार्वजनिक फलक कोणत्या भाषेत असावा? रंगवलेल्या पाटीला लांबी-रुंदीची मर्यादा असते. तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी इतके लिहून झाल्यावर मराठीला जागा उरली नाही, ही सबब पाटीपुरती खरीही असेल. विजेच्या सूक्ष्म दिव्यांनी अक्षरे उमटवणाऱ्या आजच्या फलकाला मात्र ती शोभत नाही. त्याच जागी एकामागून एक भाषा येऊ शकते. रेल्वेस्थानकांवर गाड्यांची नावे अशीच आळीपाळीने उमटतात. इंग्रजी अक्षराला उभे सात दिवे पुरतात, वेलांटी-उकारांच्या आपल्या लिप्यांना सोळाच्या आसपास लागतात. एवढाच काय तो जादा खर्च.

या फलकाचे मोल कापसाच्या बाजारात पुरते कळते. वजनकाट्यावरील लाल आकडा मापाड्याला दिसतो तसा शेतकऱ्यालाही दिसतो. त्याचे वळण देवनागरी नसते, सात दांड्यांत ते बसतही नाही. पण नोटा-नाण्यांनी तो आकडा सर्वांना केव्हाच शिकवून ठेवला आहे. अडचण येते ती पुढे. सरकारी खरेदीत, म्हणजे सीसीआयच्या खरेदीत, कापसातील ओलावा ८ टक्के हे प्रमाण धरतात. त्याहून अधिक असल्यास भाव कापतात, आणि १२ टक्क्यांपलीकडचा कापूस घेतच नाहीत. यंत्रावर १३ उमटले. आता गाडी का परतवली, कापूस वाळवून पुन्हा आणला तर चालेल काय, हे आकडा सांगत नाही. ते वाक्यानेच सांगावे लागते, आणि ज्याचा कापूस त्याच्या भाषेत सांगावे लागते.

ते वाक्यही पळते नसावे. धावत्या अक्षरांचा सोस शहरी डोळ्यांना मानवतो. अक्षर अक्षर लावून वाचणारा वृद्ध दुसऱ्या शब्दाशी पोचतो, तोवर सारे वाक्य डावीकडे निघून गेलेले असते. ज्याला वाचताच येत नाही, त्याच्यासाठी आवाजाची जोड हवी, हे वेगळे सांगायला नको.

मराठीचीच गोष्ट कशाला? याच जिल्ह्यात नारनूरजवळच्या गुंजाळा गावी गोंडी भाषेच्या लिपीतील जुनी हस्तलिखिते जपून ठेवलेली होती. २०१८ साली त्या लिपीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक लिपिसंग्रहात, स्थान मिळाले. तेव्हा तीही आता दिव्यांनी लिहिता येईल. फलकाची कळ ज्याच्या हाती आहे, त्याने तिची पाळी लावली तर.