शाळेतील पुस्तक घरी पोहोचावे



महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावलेली सावित्री पोलादपुराजवळून खाली येते, महाडास गांधारी तिला मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीने ती समुद्रास जाते. तिच्या दोन्ही तीरांस आणि डोंगरांच्या कुशीत गावे आहेत व एकेका गावाच्या अनेक वाड्या आहेत. या वाड्यांतील कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या चरितार्थासाठी मुंबईस जात आला आहे. मागे राहतात ती आई, वृद्ध आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी मुले.

एके काळी मुंबईहून पत्र आले म्हणजे ते वाचून दाखविण्याचा मान शाळेत जाणाऱ्या मुलाचा असे. आई चुलीपुढचे काम थांबवी, आजोबा ओटीवरून आत येत आणि तिसरी-चौथीतले ते मूल अडखळत अक्षर न् अक्षर वाची. मनीऑर्डरीच्या कुपनावरील दोन ओळीदेखील तीन वेळा वाचविल्या जात. त्या घराला धीर देणारे शब्द त्या मुलाच्या तोंडून येत असत. आता दूरध्वनी घरोघरी पोहोचला, पत्रे येईनाशी झाली आणि त्याबरोबर मुलाचा तो मानही गेला. तो त्यास पुन्हा मिळवून देणे शाळेच्या हाती आहे. पत्राच्या जागी त्याच्या हाती पुस्तक द्यावे आणि ते त्याने घरी मोठ्याने वाचून दाखवावे, एवढेच आजच्या भाषणाचे सांगणे होय.

हे सांगणे नवीन नाही. या भूमीत ग्रंथ हा मुळात ऐकण्याचा विषय होता. महाड तालुक्यातील शिवथर घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. पोलादपूर येथे शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवभारत संस्कृतात असल्यामुळे ते विद्वानांपुरते राहिले. दासबोध मराठीत असल्यामुळे आणि तो मोठ्याने वाचला गेल्यामुळे घरोघरी पोहोचला. चातुर्मासात पोथी लागे, कोठे श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप, तर कोठे हरिविजय. वाचणारा एक आणि ऐकणारी सारी आळी. अक्षर एकालाच येई; अर्थ मात्र सर्वांच्या पदरी पडे. दिवसभर शेतात राबलेल्या, धनी परगावी असलेल्या स्त्रीला त्या कथेतील वनवासात आपलेच दुःख दिसे आणि वनवास संपतो हेही कळे. ग्रंथाने दिलेला धीर म्हणतात तो हाच.

तथापि ही ओसरी सर्वांसाठी खुली नव्हती, हेही शिक्षकाने विसरू नये. ज्यांना पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांना पोथीपाशीही जागा नव्हती. महाड नगरपालिकेने आपली सार्वजनिक स्थळे अस्पृश्यांना खुली करण्याचा ठराव १९२४ मध्ये केला होता. परंतु चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्षात त्यांना मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. हा प्रसंग प्रत्येक मुलास ठाऊक असतो. या पुरुषाच्या घरी पुस्तके कशी आली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे महाडच्या शेजारी मंडणगड तालुक्यात आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करातील सुभेदार असून तेथील शाळेत त्यांनी शिक्षकाचे काम केले होते. निवृत्तीनंतर प्राप्ती बेताची, खाणारी तोंडे बरीच. तरीही घरात नित्य संतांच्या अभंगांचे पठण होई व मुलांना ते बसून म्हणावे लागे. भीमरावाला वाचनाचा नाद फार, आणि तोही शाळेबाहेरच्या पुस्तकांचा. त्याने पुस्तक मागितले आणि हाती पैसा नसला, म्हणजे रामजी विवाहित लेकींकडे जाऊन उसने पैसे मागत. तिच्यापाशीही पैसे नसले, तर तिचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन हाती येताच दागिना सोडवून परत करीत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्यास आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. हे केळुसकर त्यास चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसलेला पाहत असत. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेले ते एक पुस्तक. १९५६ मध्ये नागपूर येथे घडलेल्या धर्मांतराचा विचार करताना त्या पुस्तकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या हकिकतीत शिक्षकाने दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली ही की, पुस्तक हे एकट्या मुलाचे नव्हते; बाप, बहिणी, सारे घर त्या पुस्तकासाठी झिजले. दुसरी ही की, पुस्तक मुलाच्या हाती ठेवणारा एक शिक्षक होता.

आता पुस्तक कसले असावे, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील एका मातेने दिले आहे. पेण तालुक्यातील गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांना गीता समजून घेण्याची इच्छा होती. पण संस्कृत कळत नव्हते. विनोबांनी मराठी भाषांतर आणून दिले. तेही त्यांस कठीण वाटले, तेव्हा तूच का सोपी करून देत नाहीस, असे त्यांनी मुलास विचारले. त्या माउलीचे १९१८ मध्ये निधन झाले. मुलाने मात्र ते विचारणे मनात ठेवले आणि १९३०–३१ मध्ये 'गीताई' लिहून पूर्ण केली. कोणतेही पुस्तक निवडताना शिक्षकाने हीच कसोटी लावावी : चुलीपुढे बसलेल्या आईला ते पहिल्या वाचनात कळेल काय? जे कळणार नाही ते कितीही थोर असले तरी आज घरी धाडू नये. त्यास पुढे वेळ आहे.

या कसोटीस उतरणारी पुस्तके आहेत. सावित्रीच्या पलीकडे दापोली तालुक्यातील पालगड हे साने गुरुजींचे गाव. 'श्यामची आई' हे पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याची प्रकरणे 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी बेचाळीस रात्रींची आहेत. रोज रात्री एक प्रकरण वाचावे अशीच जणू त्याची रचना आहे. त्यात दारिद्र्य आहे, कर्ज आहे, आजारपण आहे. आणि त्या साऱ्यात माणुसकी न सोडणारी एक आई आहे. कोकणातील कोणत्याही घरास ही गोष्ट परकी वाटणार नाही.

पुस्तकाने सांत्वन होते असे म्हणताना मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती या दोन तालुक्यांहून अधिक कोणास ठाऊक असणार? जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी यांच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे दगावली आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. अशा वेळी घराला प्रथम धान्य लागते, वस्त्र लागते, छप्पर लागते. गेलेले माणूस पुस्तकाने परत येत नाही आणि तसा आव कोणी आणू नये. परंतु शाळा पुन्हा भरू लागते तेव्हा ज्या मुलाच्या तोंडून शब्द फुटत नाही, ते मूल गोष्ट ऐकता ऐकता दुसऱ्या कोणाच्या दुःखाविषयी प्रथम बोलते आणि मग हळूहळू आपल्या. घरातील मोठ्या माणसांचेही तसेच आहे. रोज ठरल्या वेळी चारजणांनी एकत्र बसून काही ऐकणे, हाच मोडलेल्या घरास पहिला आधार असतो.

पुस्तकाचा आणखी एक उपयोग आहे, तो धड्याचा. डोंगरउतारावर जमिनीस नव्या भेगा पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नव्या ठिकाणी पाणी फुटणे, झाडे व खांब कलणे, भिंतींस तडे जाणे, ही दरड खचण्याची पूर्वलक्षणे आहेत. ही माहिती चार पानांच्या पुस्तिकेत मावते. ती पुस्तिका कपाटात असली तर निरुपयोगी. मृगाच्या आधी मुलाने ती घरी वाचून दाखविली आणि आजोबांनी ती ऐकून घरामागची दरड एकदा पाहून घेतली, तर ती जीव वाचवील.

येथे मूळ अडचणीकडे यावे लागते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत असे सांगितले आहे. पुस्तके बऱ्याच शाळांतून आहेतही. परंतु पुष्कळ ठिकाणी ती कुलपात आहेत. पुस्तक हरवले, फाटले, तर डेडस्टॉक रजिस्टराचा मेळ कसा घालावा, वसुली आपल्यावर येईल काय, ही शिक्षकाची धास्ती खोटी नाही. तिची थट्टा करू नये. तथापि कोऱ्या पानांनिशी कुलपात जीर्ण झालेले पुस्तक वाळवीच्या पोटी जाते, तेव्हाही शाळेचे नुकसान होतेच. फक्त ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. देवघेवीची साधी वही ठेवावी. तीत पुस्तकाचे नाव, मुलाचे नाव, नेल्याची व आणल्याची तारीख एवढेच असावे. वाचून वाचून झिजलेल्या पुस्तकाची नोंद करून त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव वेळेवर करावा. फाटलेले पुस्तक मुलांकडूनच खळ लावून चिकटवून घ्यावे. आणि पुस्तक हरवल्यास गरीब मुलाकडून किंमत मागू नये. त्या भीतीने ते मूल पुन्हा पुस्तकास हात लावणार नाही.

पुस्तके थोडी असली तरी ती फिरती ठेवता येतात. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० नंतर आपल्या संस्थानात पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठविण्याची पद्धत घातली. एका गावची पेटी वाचून झाली की ती पुढच्या गावी जाई. केंद्रातील चार शाळांनी आपली पंचवीस-पंचवीस पुस्तके अशी फिरविली, तर प्रत्येक शाळेस शंभर पुस्तके लाभतील. आंबेनळी घाट चढून गेल्यावर महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर भिलार हे गाव आहे. २०१७ पासून तेथील घरांतून पुस्तके मांडलेली आहेत आणि ते 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखले जाते. घर हेच ग्रंथालय होऊ शकते, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही.

काम कसे करावे, ते थोडक्यात असे. शनिवारी प्रत्येक मुलाने एक पुस्तक घरी न्यावे. रात्रीचे जेवण आटोपल्यावर पाव घटका मोठ्याने वाचावे. सोमवारी शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा : "घरी कोणी कोणी ऐकले आणि ऐकून ती काय म्हणाली?" गुण देऊ नयेत, परीक्षा घेऊ नये. आजीने गोष्टीच्या बदली जात्यावरची ओवी सांगितली, तर ती मुलाने वहीत उतरून आणावी. म्हणजे जिला अक्षर येत नाही तिलाही, आपल्यापाशी देण्याजोगे काही आहे, असे वाटेल. दिवाळीनंतर वीटभट्टीवर वा कोळसा पाडण्याच्या कामावर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या मुलांकडे विशेष लक्ष द्यावे. ती शाळा सोडून जातात तेव्हा त्यांच्या बोचक्यात दोन पुस्तके आठवणीने ठेवावीत. ती परत येतील की नाही, याची चिंता करू नये. ते मूल शाळेत परत येणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि पुस्तक हे त्याच्या परतण्याचे एक निमित्त होऊ शकते.

यात नवा खर्च नाही, नवे साहित्य नाही. कुलूप उघडावयाचे आहे आणि वही मांडावयाची आहे. पावसाळ्यात बांधावरून घरी निघालेल्या मुलाच्या दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेले एक गोष्टीचे पुस्तक असावे, आणि त्या रात्री त्याच्या घरी ते ऐकावयास कोणीतरी बसलेले असावे. प्रत्येक शाळेने या वर्षी एवढे साधले, तरी पुष्कळ झाले.