घरगुती ध्वनिवर्धकांतील गुणगुण

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें आणि पिंपरी-चिंचवड, भोसरीकडे कारखान्यांची रांग लागली. या पट्ट्यांतील हौशी कारागिरानें बांधलेल्या व्हाल्वच्या ॲम्प्लिफायरमध्यें गुणगुण, म्हणजे ‘हमिंग’, उठली कीं त्याचा पहिला संशय कारखान्यांच्या मोटारींवर जातो. बहुधा चोर घरांतलाच असतो.

तो ओळखण्यास कान पुरे. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. सूर ५० चा, म्हणजे खर्जांतला असेल, तर फिलॅमेंटच्या तारा व अर्थच्या दुहेरी वाटा तपासाव्या. तो १०० चा, किंचित् खर असेल, तर बहुधा फिल्टर-कंडेन्सर सुकला असें समजावें. कारण पूर्ण-लहर रेक्टिफायर आवर्तनें दुप्पट करतो.

फिलॅमेंटच्या तारांस एकमेकींभोंवतीं पीळ द्यावा. अर्थच्या तारा एका बिंदूंत आणून तो बिंदु चासीस एकदांच जोडावा. पहिल्या कंडेन्सरची ऋण तार मात्र थेट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेस न्यावी. तींतून प्रवाहाचे हिसके वाहतात.

कित्येक जण प्लगाची अर्थ-पिनच काढून टाकतात. गुणगुण कधीं थांबतेही. पण आंतील तार सुटून चासीस लागली, तर २३० व्होल्ट थेट हातांत येतात. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरांत शेंकडों व्होल्ट राहतात. ते रेझिस्टरमार्गें उतरवून, मीटरनें पाहून मगच हात घालावा.

गुणगुण सोसवते, विजेचा धक्का सोसवत नाहीं.