पाणी किती खोल, कार्ड किती मीटरचं?



मी मालवण तालुक्यातल्या एका बचत गटाची सचिव. आमच्या गटातल्या पाच जणी न्याहारी निवास चालवतात. त्यामुळे आमच्याकडे बोलणं निघतं ते घावण्यांचं, सोलकढीचं, नाहीतर हप्त्यांचं. पण गेल्या वर्षी गटाच्या बैठकीत एक वेगळाच अर्ज आला. माझ्या पुतणीनं स्कूबा डायव्हिंगच्या पुढच्या कोर्ससाठी कर्ज मागितलं. त्या अर्जामुळे आम्ही जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगते.

पुतणी वीस वर्षांची. ती पर्यटकांच्या बोटीवर काम करते. पहिला कोर्स झालेला. ती म्हणाली, "काकी, माका डाइव्हमास्टर होवचा असा. एक जण म्हणता, महिन्याभरात करून देतंय. पैसे तेवढे एकदम भरूचे."

रक्कम मोठी होती. बैठकीत सगळ्या गप्प. म्हैस घ्यायची असती तर दूध किती, वेत कितवं, हे आम्ही विचारलं असतं. इथे काय विचारायचं तेच कळेना. म्हणून म्हटलं, आधी समजून घेऊ, मग सही करू.

स्कूबा म्हणजे पाठीला टाकी बांधून पाण्याखाली जाणं. त्या टाकीला आपण ऑक्सिजनची टाकी म्हणतो, पण हौशी डायव्हिंगच्या टाकीत बहुतेक वेळा साधी हवाच दाबून भरलेली असते. पर्यटक येतात, प्रशिक्षकाचा हात धरून थोडा वेळ मासे बघतात, फोटो काढतात. तो झाला अनुभव. त्यानंतर फोटोचा कागद मिळाला, तरी तो परवाना नव्हे. शिकलेल्या माणसाकडे कार्ड असतं, आणि त्या कार्डाला खोलीची मर्यादा असते.

आता पायऱ्या सांगते. आकडे पॅडी या संस्थेचे आहेत. जगभर ती हे कोर्स चालवते.

पहिली पायरी ओपन वॉटर. वय किमान 10 वर्षं. 200 मीटर न थांबता पोहता आलं पाहिजे. वेळेची अट नाही, कशीही पोहा. शिवाय 10 मिनिटं पाण्यावर तरंगून राहता आलं पाहिजे. आधी पुस्तकी धडे, मग उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. हे कार्ड 18 मीटरपर्यंतचं. 10 आणि 11 वर्षांच्या मुलांना मात्र 12 मीटरच, तेही सोबत मोठं माणूस असेल तरच.

दुसरी पायरी ॲडव्हान्स्ड. यात पाच डाइव्ह असतात. त्यांत एक खोल पाण्याची आणि एक पाण्याखाली दिशा ओळखण्याची असावीच लागते. मोठ्या माणसाला या कार्डावर 30 मीटरपर्यंत जाता येतं. त्याहून खोल जायचं तर डीप डायव्हर हा वेगळा कोर्स आहे. त्याला वय 15 लागतं आणि हद्द 40 मीटर. हौशी डायव्हिंग तिथे संपतं.

त्यानंतर रेस्क्यू, म्हणजे दुसऱ्याला वाचवायला शिकणं. त्यासाठी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण गेल्या 24 महिन्यांतलं हवं. आणि मग डाइव्हमास्टर. वय 18 पूर्ण, रेस्क्यू झालेलं, वहीत 40 डाइव्हची नोंद असेल तेव्हा सुरुवात, आणि कार्ड मिळेपर्यंत 60.

मी पुतणीची वही मागितली. तेरा डाइव्ह. मी विचारलं, "मगे महिन्याभरात साठ कशे होतले?" ती खाली बघत राहिली.

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. ती तोवर घरात कुणाला माहीत नव्हती. एका होडीचा नांगर लांब समुद्रात अडकला होता. हिला सांगितलं, तू शिकलेली आहेस, जाऊन सोडवून ये. कुणी सांगितलं त्याचं नाव मी घेत नाही. पाणी 28 मीटर खोल. हिचं कार्ड 18 मीटरचं. ती गेली. म्हणाली, "काकी, खाली भीतीच वाटाक नाय. हसू येत होता. मगे काटो बघलंय, तर हवा संपत इलेली."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. ती वर आली हे आमचं नशीब.

भीती का वाटली नाही? खोल पाण्यात हवेतल्या नायट्रोजनची नशा चढते. 30 मीटरच्या आसपास ती बऱ्याच जणांना जाणवते. दारू प्यायलेल्या माणसाला आपण प्यायलोय हे कळत नाही, तसंच हे.

हवा इतक्या लवकर का संपली? दर 10 मीटरला पाण्याचा दाब वाढतो. 10 मीटरवर दाब दुप्पट, 20 वर तिप्पट, 30 वर चौपट. तितकी जास्त हवा प्रत्येक श्वासाला लागते. वर जी टाकी तासभर पुरेल, ती 30 मीटरवर पाव तासात संपते.

आणि तिसरा धोका वर येताना. गोटी सोड्याची बाटली एकदम फोडली की फेस उसळतो. खोल पाण्यात अंगात मुरलेला नायट्रोजन माणूस घाईनं वर आला की तसाच बुडबुडे धरतो. त्यानं सांधे दुखतात, अंग लुळं पडू शकतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून खोली वाढेल तसा खाली थांबण्याचा वेळ कमी. पॅडीच्या तक्त्यात पहिल्या डाइव्हला 18 मीटरवर 56 मिनिटं दिली आहेत, 30 मीटरवर फक्त 20. वर येताना हळू यायचं, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, आणि श्वास कधीच रोखायचा नाही. रोखला तर फुप्फुसातली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं.

अजून एक. हौशी कार्ड हे पोटापाण्याच्या पाणबुड्या कामाचं कार्ड नव्हे. नांगर सोडवणं, बोटीचा तळ दुरुस्त करणं यांचं शिक्षण वेगळं असतं. "पोरगी शिकलेली आहे" एवढ्यावर तिला कुठेही उतरवायचं नाही.

आम्ही कर्ज नाकारलं नाही. टप्प्यानं दिलं. आधी ॲडव्हान्स्डपुरतं. ते कार्ड आणि वही दाखवली, की रेस्क्यूचं. साठ डाइव्ह जेव्हा होतील तेव्हा होतील. पुतणी आधी रुसली. पुढे तिला परत तसंच काम सांगितलं, तेव्हा ती नाही म्हणाली. ते काम सुटलं. पंधरा दिवस ती घरी बसली आणि आम्ही तिचा हप्ता पुढे ढकलला. आता ती दुसऱ्या बोटीवर आहे. वहीत चौतीस डाइव्ह झाल्यात.

तुमच्या गटात असा अर्ज आला, किंवा घरातलं पोर या कामाला निघालं, तर एवढं विचारा. कार्ड किती मीटरचं आहे? वहीत किती डाइव्ह आहेत? तब्येतीचा फॉर्म खरा भरलाय का? दमा, फिट, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं लपवू नका. फॉर्मवर तसं काही निघालं तर डॉक्टरांची सही लागते. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी उतरायचं नाही. गरोदर बाईनं तर नाहीच. आणि चौथा प्रश्न: पोहता येतं का? आपण किनाऱ्यावरच्या बाया, पण आपल्यातल्या कितीजणींना 200 मीटर पोहता येतं?

पुतणी आता रविवारी सकाळी गटातल्या चौघींना तरंगायला शिकवते. त्यांत मीही आहे. माझी दहा मिनिटं अजून पुरी व्हायची आहेत. काल सहा झाली.