कोटेशनमधले जादा आकार आणि डोक्यावरचे ओझे
(संकठा घाट, वाराणसी येथे रेल्वे कामगार व निवृत्त कामगारांच्या मराठी सभेत केलेले भाषण)



संकठा घाटावर उभे राहून मराठीत बोलताना परके वाटत नाही. एका बाजूला शिंद्यांचा घाट आहे, दुसऱ्या बाजूला थोड्या अंतरावर भोसल्यांचा घाट. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाच्या बाजूला मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. त्यामुळे नोकरी संपवून काशीला येऊन राहण्याचा विचार आपल्यातले काही साथी करतात यात नवल नाही. त्यांच्यासाठीच आजचा विषय घेतला आहे. घरसामान आणताना ट्रान्सपोर्टवाला जे कोटेशन देतो, त्यात भाड्याच्या खाली आणखी सात-आठ ओळी असतात. त्या ओळी वाचायच्या कशा?

विषय किरकोळ नाही. निवृत्तीनंतर दूर जाऊन स्थायिक होणाऱ्या रेल्वे कामगाराला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे शेवटच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के इतके बदली व बांधणीचे अनुदान मिळते. हा पैसा आंदोलनातून आणि वाटाघाटीतून मिळालेला आहे. तो ज्यांचा अर्थ आपल्याला कळत नाही अशा ओळींत जाऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.

आपण रेल्वेची माणसे. आकार म्हणजे काय हे मालधक्क्यावर आणि पार्सल ऑफिसात आपण शिकलो. रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये प्रत्येक शब्दाला व्याख्या आहे. भाडे म्हणजे माल वाहून नेण्याचा आकार. डेमरेज म्हणजे मोफत मुदत संपल्यावरही वाघीण अडकवून ठेवल्याचा आकार. व्हार्फेज म्हणजे मुदत संपूनही रेल्वेच्या जागेतून माल न उचलल्याचा आकार. एक गाडीचा, दुसरा जागेचा. ग्राहकाला राग येत असे, पण आकार कशाचा आणि घड्याळ केव्हा सुरू झाले हे आपण त्याला सांगू शकत होतो. तीच शिस्त ट्रान्सपोर्टच्या कोटेशनला लावायची.

आता एक नमुना घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. फोनवर सांगितले, "भाडे ३,००० रुपये." कागद आला तेव्हा त्यावर होते: भाडे ३,०००, इंधन अधिभार १० टक्के म्हणजे ३००, बिल्टी खर्च १००, एफ.ओ.व्ही. १००, डोअर डिलिव्हरी ५००, हमाली ४००, इतर आकार २००. बेरीज ४,६००. तिच्यावर १८ टक्के जीएसटी ८२८. एकूण ५,४२८ रुपये. तीन हजारांचे साडेपाच हजार झाले, आणि यात एकही ओळ लपवलेली नाही. सगळे कागदावरच आहे.

साथींनो, आमचे सांगणे असे की प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा: हा पैसा कशाचा? श्रमाचा, वेळेचा, जोखमीचा की कराचा? चारपैकी एकही उत्तर मिळाले नाही, तर ती ओळ खोडायला सांगावी.

इंधन अधिभार हा भाड्याचाच भाग आहे, फक्त वेगळा लिहिलेला. डिझेल चढले की वाढतो. उतरल्यावर कमी होतो का, हे विचारावे. तो मूळ भाड्यावर धरला आहे की सगळ्या बेरजेवर, हेही पाहावे. बिल्टी खर्च म्हणजे कागद बनवण्याचा खर्च. तो माफक असावा. "इतर आकार" या ओळीला मात्र नावच नाही. नाव नसलेल्या कामाचे दाम देऊ नये.

एफ.ओ.व्ही. म्हणजे मालाच्या जाहीर किमतीवर घेतलेला टक्का. पन्नास हजारांच्या मालावर शेकडा २० पैसे धरले तर शंभर रुपये होतात. हा जोखमीचा आकार आहे. याला पुष्कळ जण विमा समजतात. विमा म्हणजे विमा कंपनीची वेगळी पॉलिसी, तिचा कागदही वेगळा. तेव्हा एफ.ओ.व्ही. देऊन वाहतूकदार नेमकी किती भरपाई कबूल करतो, हे लेखी घ्यावे. रस्ता वाहतूक अधिनियम २००७ आणि त्याखालचे २०११ चे नियम यांप्रमाणे, जादा जोखीम दर ठरवून किंमत जाहीर केली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. आपल्या नमुन्यात ३,००० चे दहापट म्हणजे ३०,०००. माल पन्नास हजारांचा असला तरी तेवढेच. रेल्वेतही किंमत जाहीर करून टक्केवारी आकार भरला नसेल, तर पार्सलला किलोमागे ५० रुपये आणि लगेजला १०० रुपये हीच मर्यादा आहे. म्हणजे शंभर रुपये वाचवायचे की पन्नास हजार सांभाळायचे, हा विचार आधी करायचा.

वजनाचाही घोळ असतो. मोठा पण हलका खोका असला तर वजन काट्यावर न धरता आकारमानावर धरतात. कुरिअरमध्ये लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे ५,००० ने भागतात. १०० बाय ५० बाय ५० चा खोका काट्यावर वीस किलो भरला तरी हिशेबात पन्नास किलो होतो. यात फसवणूक नाही, कारण गाडीतली जागा तेवढी अडते. पण भागाकार कितीचा, हे आधी विचारावे आणि खोके आपण स्वतः मोजावेत. गाद्या दाबून बांधल्या, बादल्या-डबे एकात एक घातले, तर पैसा वाचतो.

कराची गोष्ट अशी. बिल्टी देऊन नुसती रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्या एजन्सीने नोंदणी नसलेल्या साध्या गृहस्थाला दिलेल्या सेवेवर जीएसटी माफ आहे. बांधणे, चढवणे, पोहोचवणे हे सारे एकत्र घेणारे पॅकर्स अँड मूव्हर्स सहसा १८ टक्के लावतात. म्हणून काम कोणत्या प्रकारात धरले आहे ते विचारावे. ज्याच्याकडे जीएसटी क्रमांकच नाही, त्याला कर घेण्याचा अधिकार नाही. आणि बिल नको म्हटल्यास कर वाचेल असे कोणी म्हणाले तर सावध व्हावे; तक्रार करायला मग हातात कागद राहत नाही.

आता डोअर डिलिव्हरी. आमच्या एका निवृत्त साथीने हा आकार आधीच भरला होता. ट्रान्सपोर्टच्या माणसाने सामान मोठ्या रस्त्यावर उतरवले आणि सांगितले, गाडीचे दार जिथे पोहोचते तिथपर्यंत डोअर डिलिव्हरी. इथल्या गल्ल्या तुम्ही पाहताच. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावे लागते, वर एखादी गाय बसलेली असते. मोठा ट्रक या बाजूला येऊच शकत नाही. छोटी गाडी किंवा ठेला मैदागिन, चौक बाजूपर्यंत. तिथून पुढे पल्लेदाराचे डोके. आपण ज्याला हमाल म्हणतो त्याला इथे पल्लेदार म्हणतात आणि हमालीला पल्लेदारी. म्हणून कोटेशन मागताना नुसता पिनकोड देऊ नये. "संकठा घाट, गल्लीतले घर, अमुक मजला, शेवटचा टप्पा डोक्यावरून" असे लिहून द्यावे आणि पल्लेदारी आत की बाहेर याचे उत्तर लेखी घ्यावे.

त्या दिवशी आमचा साथी ट्रान्सपोर्टवाल्याशी काही बोलला नाही. पण पल्लेदाराशी त्याने पन्नास रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घातली. साथींनो, आमच्या मनाला लागले ते हे. आपल्या नमुन्यात हमाली ४०० आहे. ५,४२८ मध्ये शंभराला साडेसात रुपयेसुद्धा नाहीत. अधिभार, इतर आकार, एफ.ओ.व्ही. यांच्याशी वाद घालता येत नाही, कारण ते छापील आहेत आणि त्यांना चेहरा नाही. पल्लेदार समोर उभा असतो, घामाने भिजलेला असतो, म्हणून आपण त्याच्याशी घासाघीस करतो. सगळ्या कागदावर ज्या ओळीचे काम आपण डोळ्यांनी पाहिले, तीच ओळ आपण कापतो.

आपल्या महाराष्ट्रात हमालाचे श्रम हिशेबात यावेत म्हणून मोठा लढा झाला. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी माथाडींना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. तेव्हापासून माथाडी मंडळाच्या कक्षेतल्या बिलावर मजुरीबरोबर लेव्ही दिसते. व्यापारी तिला जादा आकार म्हणून नाक मुरडतात. पण ती लेव्ही म्हणजे हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पगारी सुटी. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने "ज्याचा माल त्याचा हमाल" असे धोरण घेतले. ट्रकचालकाकडून वाराई उकळू नये, उतरवण्याची मजुरी मालधन्याने द्यावी, असा त्याचा अर्थ. तत्त्व सरळ आहे. ओझे ज्याचे, मजुरी त्याने द्यायची. इथल्या गल्लीतल्या पल्लेदाराच्या पाठीशी असे मंडळ उभे नाही. म्हणून आपल्या घरच्या सामानापुरते तरी ते तत्त्व आपण पाळले पाहिजे. पल्लेदारी आधी ठरवावी, नगांवर आणि मजल्यांवर ठरवावी, आणि ठरलेली रोख त्याच्याच हातात द्यावी.

शेवटी कामाच्या गोष्टी. कोटेशन लेखी घ्या आणि "सर्व आकारांसह, घराच्या दारापर्यंत" ही एकूण रक्कम त्यावर लिहून घ्या. निदान तीन ठिकाणची कोटेशने घ्या आणि भाड्याची नव्हे, एकूण रकमांची तुलना करा. सामानाची यादी दोन प्रतींत करा. पोहोच देताना मोडतोड दिसली तर सही करण्याआधी त्याच कागदावर शेरा लिहा. रस्त्याने आलेल्या मालाच्या नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. रेल्वेच्या बाबतीत माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत. रेल्वेने जादा भाडे घेतले असेल तर परताव्याचा अर्जही सहा महिन्यांतच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

ज्या साथीला कोटेशन समजत नसेल त्याने ते युनियनच्या शाखेत आणावे. आम्ही ओळीओळीने बसून वाचू. पगाराची स्लिप वाचायला आपण एकमेकांना शिकवले, तसेच हेही शिकवू. मात्र एक वचन आम्हाला द्या. ज्या ओळीला नाव नाही तिच्यासाठी भांडा, हवे तेवढे भांडा. पण ज्याच्या डोक्यावर आपली पेटी आहे, त्याच्याशी भांडू नका.