नेमाइतकीच नोंदही अचूक



नेमबाजी म्हटली की डोळ्यांसमोर रायफल येते, पदक येते. गुणांची नोंदवही मात्र येत नाही. वास्तविक हौशी नेमबाजाचे भवितव्य त्या नोंदवहीतच लिहिले जात असते. त्याची वर्गवारी, वरच्या स्पर्धेतील प्रवेश आणि स्वतःच्या प्रगतीचे भान या तिन्ही गोष्टींचा आधार तीच असते.

भारतातील संघटित नेमबाजीशी बृहन्महाराष्ट्राचे जवळचे नाते आहे. बडोद्यात जन्मलेले आणि अहमदाबाद ही कर्मभूमी मानणारे गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्षही तेच. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय स्पर्धा असंख्य नवोदितांसाठी राष्ट्रीय स्पर्धेचे दार ठरली आहे. हे दार किमान पात्रता गुण मिळवणाऱ्यासच उघडते. त्यामुळे नोंदीतील एका गुणाची चूक ही केवळ हिशेबाची चूक राहत नाही. तिच्यापायी एखाद्या मुलाची वर्षभराची साधना वाया जाऊ शकते.

हा एक गुण किती सूक्ष्म असतो, ते पाहण्यासारखे आहे. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचे स्थान म्हणजे अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका; छर्ऱ्याचा व्यास मात्र साडेचार मिलिमीटर. छिद्राची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेस लागली, की वरचा गुण द्यावयाचा, असा नियम. कागदी टार्गेटवर शंका आली तर पंच गेज लावून निर्णय देतात. इलेक्ट्रॉनिक टार्गेट हेच मोजमाप क्षणार्धात करते आणि दशांशापर्यंत नेते. येथे एक दशांश म्हणजे केंद्रापासूनच्या अंतरातील पाव मिलिमीटरचा फरक. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत मनू भाकर २२१.७ गुणांवर थांबली, तेव्हा पुढील कोरियन स्पर्धकाचे गुण २२१.८ होते. कांस्य आणि त्यापुढचे पदक यांमध्ये एका दशांशाचे अंतर उरले होते.

तथापि यंत्र आणले म्हणजे नोंदी आधुनिक झाल्या, असे समजण्याचे कारण नाही. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय एअर रायफलच्या पात्रता फेरीत दशांश गुण आले; साठ फैरींचे पूर्वीचे कमाल ६०० गुण ६५४ झाले. महिलांच्या चाळीस फैरी २०१८ पासून साठ झाल्या. अशा स्थितीत जुन्या वहीत नुसते ‘३९५’ लिहिलेले आढळले, तर त्याचा अर्थ काय लावावा? चारशेपैकी असतील तर ती असामान्य कामगिरी. सहाशेपैकी असतील तर नवशिक्याची. आकडा तोच, माणूस मात्र निराळा! म्हणून प्रत्येक गुणासोबत क्रीडाप्रकार, फैरींची संख्या, मोजणीची पद्धत, स्थळ आणि दिनांक यांची नोंद हवी. एका नेमबाजाला एकच कायम क्रमांक हवा. अन्यथा नावाचे स्पेलिंग बदलले, की एकाच मुलीच्या दोन मुली होतात. दुरुस्ती केली तर जुना आकडा पुसू नये. बदल कोणी व का केला, हे शेजारी लिहावे. इलेक्ट्रॉनिक टार्गेट न परवडणाऱ्या लहान क्लबलाही एवढे सहज साधेल.

वर्गवारीचा प्रश्न याहून नाजूक. आपल्याकडील विभागणी मुख्यतः वयोगटावर आधारलेली आहे. अमेरिकेत मार्क्समन, शार्पशूटर, एक्स्पर्ट, मास्टर अशा कौशल्यानुसार श्रेणी आहेत. स्थानिक हौशी स्पर्धांत वयाच्या जोडीला अशी श्रेणी ठेवली, तर सहा महिने सराव केलेली मुलगी तिच्यासारख्याच मुलींशी झुंजेल आणि पहिल्याच पराभवाने खेळ सोडणार नाही. मात्र श्रेणी एखाद्या दिवसाच्या सर्वोत्तम गुणांवर ठरवू नये. अलीकडच्या अनेक स्पर्धांच्या सरासरीवर ठरवावी. तसे केले म्हणजे एका दिवसाचे नशीबही फळत नाही आणि खालच्या श्रेणीत बक्षीस मिळवण्यासाठी एका स्पर्धेत मुद्दाम कमी गुण घेण्याची युक्तीही सहजी साधत नाही. सरासरी कशी काढली, हे प्रत्येक स्पर्धकास पडताळता आले पाहिजे. जी गणना खेळाडूस समजत नाही, तिच्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

विद्यार्थिमित्रहो, शाळेतील प्रगतिपुस्तकालाही हाच न्याय लागू पडतो. गुण हा माणसावरचा शिक्का नव्हे. तो त्या दिवशी, त्या कसोटीवर कोठवर पोहोचला, याची ती खूण असते. ती खूण प्रामाणिकपणे आणि संपूर्ण नोंदवली, तरच पुढचा नेम कोठे धरायचा, हे कळते. विजेत्याचे नाव जगाच्या लक्षात राहतेच. चाळिसाव्या क्रमांकावरच्या मुलाने गेल्या वर्षीपेक्षा तीन गुण अधिक मिळवले, याची साक्ष मात्र केवळ नोंदवही देते. ती साक्ष खरी ठेवणे, हे नोंद करणाऱ्या प्रत्येक हाताचे कर्तव्य आहे.