पंख नसलेला नाकतोडा

सायखेड्याच्या बचत गटातून आम्ही बोलतो आहोत. मक्यात नाकतोडा दिसला की आपल्याला आधी फवारणीचा पंप आठवतो. आज मात्र त्याची बाजू ऐका.

गेल्या भाद्रपदात आम्ही नऊजणी अंजनेरीला गेलो. शेजारच्याच ब्रह्मगिरीवर आपली गोदावरी उगम पावते. वर पठारावर गुडघाभर गवत, आणि पाऊल टाकलं की नाकतोडे टणाटण उडत होते. एक दगडावर बसला होता, रंगाने अगदी दगडच. "ह्याला पंख फुटायचेत अजून," एकजण म्हणाली. तसं असेलही. पिल्लांना पंख नसतात, कात टाकता टाकता येतात. पण डोंगरावरच्या काही जातींना जन्मभर पुरते पंख येतच नाहीत. त्यांचा डोंगर गेला, तर दुसऱ्या डोंगरावर ते जाणार कसे?

मादी पोटाचं टोक मातीत खुपसून फेसात अंडी घालते. फेस वाळला की त्याची पुडीच होते. मातीतली अंडी वणव्यातून थोडीफार वाचतात. गवतातले किडे, सरडे, जमिनीवरची घरटी वाचत नाहीत.

फ्रान्समध्ये क्रो नावाचं दगडगोट्यांचं माळरान आहे. तिथला एक नाकतोडा जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्याला उडता येत नाही, आणि तो आता नष्ट व्हायच्या काठावर आहे. त्या माळावर शेकडो वर्षं मेंढरं चरतात. म्हणजे चराईने माळ मरतो असं नाही. नांगर, बांधकाम आणि खाणी यांनी तो तुकड्या-तुकड्यांनी गेला. आपल्याकडे गवताळ जमिनीची नोंद 'पडीक' म्हणून होते. आम्हीही तसंच म्हणायचो, आणि तिथे झाडं लावायला निघायचो! अंजनेरीला निदान 2017 पासून संवर्धन राखीव क्षेत्राचं संरक्षण आहे. बाकीच्या डोंगरांचं काय?

आमच्यातल्या दोघींचं माहेर त्र्यंबककडचं. तिकडे उन्हाळ्यात डोंगर पेटवतात, नवं गवत जोमानं येतं म्हणून. एकीने भावाला फोन लावला. तो हसला, "नाकतोड्यासाठी डोंगर पेटवायचा नाही?" ती म्हणाली, "दादा, गुरांचा चाराही जळतो ना?" तो जरा थांबला. म्हणाला, "बरं, होळीआधी पोरांना घेऊन जाळरेषा काढून बघतो." होळीला ती माहेरी जाणार आहे. जाळरेषा खरंच काढली का, ते आल्यावर इथेच सांगेल.